एफडीचे चार इंजेक्टर

माझदाची पहिली आरएक्स-7 बाजारात आली 1978 मध्ये. पण आज जिच्यासाठी लोक जीव टाकतात ती तिसऱ्या पिढीची, चॅसिसच्या क्रमांकावरून जिला जगभर ‘एफडी’ म्हणतात. डिसेंबर 1991 मध्ये जपानमध्ये तिची विक्री सुरू झाली आणि ऑगस्ट 2002 मध्ये शेवटची गाडी तयार झाली. ताकाहारू कोबायाकावा यांच्या चमूने ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवून ती हलकी केली होती. तिच्या बॉनेटखाली, बरंच मागे आणि खाली, 13बी-आरईडब्ल्यू हे रोटरी इंजिन बसतं. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. दोन तिकोनी रोटर, प्रत्येकाचं आकारमान 654 घनसेंटिमीटर, एकूण 1308. त्यांना हवा पुरवणारे दोन टर्बो टप्प्याने कामाला लागतात: पहिला सुरुवातीपासून, दुसरा मिनिटाला साधारण 4500 फेऱ्यांपुढे. जपानी बाजारात हे इंजिन 255 अश्वशक्तीपासून निघालं आणि 1999 पर्यंत 280 ला पोचलं.

या गाडीचा मालक तेवढ्यावर क्वचितच थांबतो. एक्झॉस्ट मोकळा होतो, इंटरकूलर मोठा येतो, टर्बोचा दाब म्हणजे बूस्ट वाढतो; पुढे दोन टर्बो काढून एकच मोठा टर्बो बसतो. हे सगळं हवा वाढवण्याचं काम झालं. वाढलेल्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देण्याची जबाबदारी मात्र चार इंजेक्टरांवर येते. मोठे इंजेक्टर निवडणं हा या गाडीच्या सुधारणेतला सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात मोठ्या परिणामांचा निर्णय आहे, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक मालक तो निर्णय वरच्या टोकाकडे, म्हणजे कमाल ताकदीकडे बघून घेतात. पण चूक झाली असेल तर ती आधी खालच्या टोकाला, आयडलिंगला, जाणवायला लागते.

प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर असतात. पहिल्या जोडीला प्रायमरी म्हणतात. ते दोन रोटरांच्या मधल्या लोखंडी प्लेटमध्ये, पोर्टच्या अगदी जवळ बसतात आणि मिनिटाला 550 घनसेंटिमीटर पेट्रोल सोडू शकतात. दुसरी जोडी सेकंडरी, ती इनटेक मॅनिफोल्डमध्ये जरा वरच्या अंगाला असते आणि 850 ची असते. गाडी उभी असताना आणि शहरात हळू चालताना फक्त प्रायमरी काम करतात. हवेचा वेग कमी असतो, म्हणून पेट्रोलचा फवारा पोर्टच्या जवळ पडलेला बरा. भार वाढला की सेकंडरी जागे होतात. त्यांचं पेट्रोल हवेबरोबर जरा लांबचा प्रवास करतं, वाटेत मिसळतं, बाष्प होताना हवेला थंडही करतं. कमी भारासाठी लहान आणि जास्त भारासाठी मोठा इंजेक्टर ही वाटणी माझदाच्या इंजिनिअरांनी फार शहाणपणाने केली होती. इंजेक्टर बदलताना ती वाटणी मोडायची नाही.

आता वेळेचा प्रश्न. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनात एका सिलिंडरला दर दोन फेऱ्यांनी एकदा पेट्रोल लागतं. रोटरीत एक्सेंट्रिक शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एक स्फोट देतो, म्हणून पेट्रोल दर फेरीला लागतं. 8000 फेऱ्यांवर एक फेरी साडेसात मिलिसेकंदांत संपते. त्याच वेगाच्या पिस्टन इंजिनाला त्याच कामासाठी पंधरा मिलिसेकंद मिळतात. त्यात इंजेक्टर सतत उघडा ठेवून चालत नाही. उघडं राहण्याचं प्रमाण, म्हणजे ड्यूटी सायकल, 85 टक्क्यांच्या वर गेलं की इंजेक्टरची सुई नीट मिटायच्या आत पुन्हा उघडण्याचा हुकूम येतो आणि मोजमाप बिघडतं. म्हणजे हातात उरतात जेमतेम 6.4 मिलिसेकंद. 1308 घनसेंटिमीटरचं छोटं इंजिन म्हणून मनात लहान इंजेक्टर धरणाऱ्याचा अंदाज चुकतो तो इथे. हवा ओढण्याच्या बाबतीत हे इंजिन 2.6 लिटरच्या पिस्टन इंजिनाच्या बरोबरीचं आहे.

आणि इथे पेट्रोल कमी पडून चालत नाही. रोटरच्या तीन टोकांवर अपेक्स सील असतात. जेमतेम 2 मिलिमीटर जाडीच्या या पट्ट्या रोटरभोवतीच्या हाउसिंगच्या भिंतीवर घासत फिरतात आणि दाब धरून ठेवतात. रोटरी इंजिनाच्या इतिहासातलं पहिलं मोठं दुखणंही याच सीलांचं होतं. 1960 च्या दशकात केनिची यामामोतो आणि त्यांच्या 47 जणांच्या चमूने हाउसिंगवर उमटणारे ओरखडे थांबवले, तेव्हाच 1967 ची कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर येऊ शकली. टर्बोच्या दाबाखाली मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की डेटोनेशन किंवा नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण आपोआप एकदम पेटतं. पिस्टन इंजिन थोडं नॉकिंग सहन करतं. रोटरीत एकच जबर झटका अपेक्स सील फोडायला पुरतो. फुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोच्या टर्बाइनची पातीही सोलून जातो. त्यामुळे जाणकार ट्यूनर पूर्ण बूस्टवर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण अकरा भाग एवढं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, मिश्रण ठेवतात.

हिशेब कागदावर करता येतो आणि करावाच. रोटरी पेट्रोल जास्त खाते. बूस्टवर एका अश्वशक्तीला तासाला सुमारे 280 ग्रॅम धरणं सुरक्षित. 500 अश्वशक्ती हवी असेल तर तासाला 140 किलो, म्हणजे साधारण 189 लिटर, म्हणजे मिनिटाला 3150 घनसेंटिमीटर. 85 टक्क्यांची मर्यादा लावली की चारही इंजेक्टरांची मिळून क्षमता 3700 च्या वर हवी. कंपनीच्या चार इंजेक्टरांची बेरीज 2800. त्याच सूत्राने उलटं मोजलं तर ती इंजिनाच्या शाफ्टवर 375 अश्वशक्तीच्या आसपास संपते. त्यापुढे बूस्ट वाढवणं म्हणजे सीलांशी खेळ.

3700 गाठण्याच्या वाटा अनेक. प्रायमरी 550 तसेच ठेवून सेकंडरीला 1680 लावले तर बेरीज 4460 होते. पूर्वी पुष्कळ मालक असंच करत, कारण स्वस्त पडतं आणि आयडलिंगला धक्का लागत नाही. पण मग 550 वरून 1680 कडे जाताना उडी फार मोठी होते. सेकंडरी उघडण्याच्या क्षणी प्रायमरींची वेळ त्याच प्रमाणात कमी करावी लागते. इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूत, भरलेल्या इंधनाच्या नकाशात जरा तफावत राहिली की गाडी त्या ठिकाणी क्षणभर अडखळते. भार अंगावर असताना तो क्षण लीन गेला तर प्रकरण गंभीर. दुसरी वाट मला जास्त आवडते: कंपनीचेच 850 सेकंडरीतून काढून प्रायमरीत आणायचे आणि सेकंडरीला 1300 च्या आसपासचे घ्यायचे. बेरीज 4300, उडी सौम्य.

प्रायमरी आणखी मोठे का नकोत, याचं उत्तर मिलिसेकंदांत आहे. विजेचा हुकूम मिळाल्यापासून सुई खरोखर उघडेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद जातो. आयडलिंगला 550 च्या इंजेक्टरने प्रत्यक्ष उघडं राहायचा काळ समजा 1.2 मिलिसेकंद असेल, तर 1000 च्या इंजेक्टरला तेवढंच पेट्रोल द्यायला 0.66 पुरतात. एवढ्या छोट्या उघडझापीत फवारा सरळ प्रमाणात येत नाही. शिवाय उघडायला लागणारा वेळ बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. रात्री एफडीचे दिवे बॉनेटमधून वर येतात, पंखा सुरू होतो, व्होल्टेज 14 वरून 12 कडे घसरतं, सुई उशिरा उघडते. हा उशीर ईसीयूला ठाऊक नसेल तर इंजिन आचके देतं. जपानच्या अपेक्सी कंपनीचा पॉवर एफसी हा एफडीवाल्यांचा जुना आवडता ईसीयू. त्यात इंजेक्टरचा आकार आणि हा उशीर भरायला स्वतंत्र जागा आहेत, पण तिथे भरायचा आकडा इंजेक्टर बनवणाऱ्याकडून यावा लागतो.

म्हणून इंजेक्टर घेताना डबीवरच्या आकड्यापेक्षा त्याच्याबरोबर येणारा तक्ता महत्त्वाचा. कोणत्या दाबाला किती प्रवाह, कोणत्या व्होल्टेजला किती उशीर, अगदी छोट्या उघडझापीत किती पेट्रोल पडतं, हे मोजून देणारे विक्रेते आता आहेत. इंजेक्टर डायनॅमिक्सचं नाव त्यातूनच झालं. नव्या पिढीचे इंजेक्टर बारीक मोजणीत इतके पक्के असतात की 1000 चे प्रायमरी लावूनही आयडलिंग शांत राहतं. प्रवाहाचा आकडा मात्र कोणत्या दाबाचा ते विचारावं. दाब 3 बारवरून 4 बारवर नेला की तोच इंजेक्टर वर्गमुळाच्या नियमाने 15 टक्के जास्त देतो; 550 चा 635 होतो. त्यामुळे वेगवेगळ्या दाबाला मोजलेले दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं व्यर्थ.

जोडी जुळवून घेणं ही गोष्ट दोन रोटरच्या इंजिनात फार मोलाची आहे. एका प्रायमरीतून पाच टक्के कमी पेट्रोल गेलं तर तो एक रोटर लीन चालतो. दोन्ही रोटरांचा धूर एकत्र आल्यावर बसवलेला, मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर सरासरी दाखवतो, आणि सरासरी छान दिसते. प्रत्येक रोटरच्या एक्झॉस्टमध्ये तापमान मोजणारी स्वतंत्र काडी असेल तरच फरक उघड होतो. आपल्याकडे डिझेल गाड्यांचे नोझल टेस्ट बेंचवर लावून तपासून घेण्याची सवय आहे. सातपूरला बॉशचा डिझेल इंजेक्टरांचा कारखाना असल्याने नाशिककरांना ती भाषा विशेष ओळखीची. तीच शिस्त इथे हवी. बेंचवर गळतीही बघून घ्यावी. गाडी बंद केल्यावर प्रायमरी थेंब थेंब गळत राहिला तर पेट्रोल हाउसिंगच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, सीलांचा दाब जातो आणि रोटरी सुरूच होत नाही.

बाकीच्या बाबी पटकन. कमी रोधाचे, दोन-तीन ओहमचे इंजेक्टर घेतले तर रेझिस्टर किंवा योग्य ड्रायव्हर लागतो, नाहीतर ईसीयू जळतो. बारा-सोळा ओहमचे सरळ बसतात. पंप आणि नळ्या मोठ्या केल्याशिवाय मोठे इंजेक्टर निरुपयोगी. ई85, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं इंधन, वापरायचं असेल तर पेट्रोलच्या मानाने सुमारे 35 टक्के जास्त इंधन लागतं. 500 अश्वशक्तीला बेरीज 5000 च्या वर जाते, तिथे 1000 आणि 2000 ची जोडी हिशेबात आरामात बसते. 2000 च्या आसपासचे काही इंजेक्टर मुळात सीएनजीसाठी बनलेले असतात आणि इंधनातल्या पाण्याने आतून गंजतात, हे घेण्याआधी विचारून घ्यावं.

प्रायमरींपर्यंत पोचायला वरचं इनटेक मॅनिफोल्ड काढावं लागतं. ते निघालं की खाली दिसणाऱ्या इंधनाच्या नळ्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या उष्णतेने कडक झालेल्या असतात, आणि इंधनाच्या रेलवरचा, दाबाचे धक्के शोषणारा पल्सेशन डॅम्पर तडकून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडल्याने कित्येक एफडी जळाल्या आहेत. नवे इंजेक्टर बसवायच्या आधी त्या सगळ्या नळ्या, ओ-रिंगा आणि डॅम्पर बदलून घ्यावेत, पंप चालू करून इंजिन न फिरवता प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघावा, आणि मगच किल्ली पुढे फिरवावी.