पोर्टफोलिओचा पेहराव : झगमगाट नको, नेमकेपणा हवा

प्रतिनिधी, मुंबई

मॉडेलिंगच्या क्षेत्रात नशीब आजमावू पाहणाऱ्या तरुण-तरुणींचा पहिला मोठा खर्च असतो तो पोर्टफोलिओचा. छायाचित्रकार, रंगभूषाकार आणि स्टुडिओचे भाडे यांच्या जोडीला कपड्यांवरही सढळ हाताने पैसा ओतला जातो. मात्र, भरजरी लेहेंगा किंवा टिकल्यांच्या गाऊनमधील छायाचित्रे निवड करणाऱ्यांच्या फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यांना वस्त्र नव्हे, तर ते ल्यालेली व्यक्ती पाहायची असते. म्हणूनच मॉडेलिंग एजन्सी अंगाबरोबरचा साधा टी-शर्ट, गडद जीन्स आणि जवळजवळ मेकअपविरहित चेहरा अशी छायाचित्रे आवर्जून मागतात.

पोर्टफोलिओसाठी साधारणतः चार-पाच पोशाख पुरेसे ठरतात. एक अगदी साधा, एक पाश्चात्त्य, एक साडी किंवा कुर्ता, एक कार्यालयीन आणि एक समारंभाचा. बँकेच्या वा मसाल्याच्या जाहिरातीसाठी घरातील सून शोधणाऱ्याला सुती कुर्त्यातील प्रसन्न चेहरा गाऊनपेक्षा अधिक काही सांगून जातो.

कॅमेऱ्याची नजर

डोळ्यांना सुखावणारे प्रत्येक वस्त्र कॅमेऱ्याला मानवतेच असे नाही. बारीक रेघा वा चौकड्यांचे कापड डिजिटल छायाचित्रात लहरींसारखे चमत्कारिक नक्षीकाम उमटवते. भडक लाल वा हिरव्या रंगाची झाक हनुवटीवर पडते. काळ्या पार्श्वभूमीवर काळा पोशाख हरवून जातो, तर प्रखर प्रकाशात पांढऱ्याशुभ्र कापडाची वीण दिसेनाशी होते. छातीवर मोठे बोधचिन्ह असलेला टी-शर्ट टाळलेलाच बरा. त्यामुळे लक्ष चेहऱ्यावरून उडते.

त्वचेच्या रंगाची, शिवण न दिसणारी अंतर्वस्त्रे सोबत असावीत. घट्ट इलॅस्टिकचे वळ लगेच जात नाहीत, म्हणून स्टुडिओत येताना सैल कपडे घालावेत. ढगळ कपडा पाठीमागून चिमटे लावून बेतता येतो. सुरकुत्यांसाठी इस्त्री मात्र हाताशी हवी.

नकाराचा अधिकार

कोणते कपडे घालायचे, याइतकाच कोणते घालायचे नाहीत हा निर्णयही महत्त्वाचा. १९९५मध्ये एका बुटांच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे विवस्त्र, अंगाभोवती अजगर गुंडाळून झळकले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटला भरला गेला आणि त्यातून निर्दोष सुटका होण्यास २००९ साल उजाडले. नामवंत मॉडेलच्या वाट्यालाही एका छायाचित्रापायी १४ वर्षांची कोर्टकचेरी आली, तेथे नवोदितांनी किती सावध राहावे हे सांगणे न लगे.

तेव्हा पोशाखांची यादी, अंगप्रदर्शनाची मर्यादा आणि छायाचित्रांचा वापर कोठे होणार, हे सारे आधीच लेखी ठरवून घ्यावे. कपडे बदलण्यासाठी बंदिस्त जागा आहे का, याची खात्री करावी आणि शक्यतो विश्वासातील व्यक्ती सोबत न्यावी. 'सगळेच करतात' असे सांगत स्टुडिओत ऐनवेळी यादीबाहेरचा पोशाख पुढे केला गेल्यास नकार देण्याचा पूर्ण अधिकार मॉडेलला आहे. इंटरनेटवर एकदा पसरलेले छायाचित्र पूर्णपणे मागे घेणे जवळजवळ अशक्य असते. हातची एखादी संधी गेली, तर दुसरी मिळू शकते.