पावसाच्या आकड्यांची फाइल नकाशावर कशी उतरवावी

मृगाची पहिली सर येताच पेरणी उरकण्याचा मोह धर्माबाद भागात पुष्कळांस होतो. परंतु ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच सोयाबीन पेरावे, अशी कृषी विभागाची शिफारस आहे. इतका पाऊस मागील वर्षांत साधारणतः केव्हा होत आला, हे भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून मिळणाऱ्या दैनिक पर्जन्याच्या आकड्यांवरून पाहता येते. हे आकडे १९०१ सालापासूनचे आहेत. पाव-पाव अंशावर कल्पिलेल्या उभ्या-आडव्या रेषांच्या १३५ × १२९ छेदबिंदूंपैकी देशाच्या भूमीवरील प्रत्येक बिंदूचा पाऊस त्यांत दिलेला असतो.

फाइलींचे प्रकार दोन. नेटसीडीएफ फाइलीत स्थळ, दिनांक व परिमाण यांची नोंद आतच असते. क्यूजीआयएसमध्ये ती रास्टर थर म्हणून उघडावी. वर्षातील प्रत्येक दिवस हा तिचा एक बँड होय. १ जूनचा बँड १५२ वा, लीप वर्षात १५३ वा. 'ट्रान्सलेट' या साधनाने तिचे जिओटिफमध्ये रूपांतर करावे.

दुसरी जीआरडी फाइल. हिच्यात केवळ आकडे असतात. ते नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पूर्वेकडे व मग ओळीओळीने उत्तरेकडे लिहिलेले असतात. नकाशाची साधने मात्र बहुधा उत्तरेकडून वाचू लागतात. हा क्रम न सांगितल्यास नकाशा उलटा होतो व धर्माबादच्या जागी ग्वाल्हेरकडील पाऊस येतो! आकडा पावसासारखाच दिसत असल्याने चूक ध्यानात येत नाही.

म्हणून पुढील तपासणी अवश्य करावी :

(१) देशाची सीमारेषा वर ठेवून आकडे तिच्या आतच पडतात, हे पाहावे.

(२) उणे ९९९ म्हणजे 'माहिती नाही'. तो आकडा बेरजेत धरू नये.

(३) दिनांकापुढील पाऊस हा त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा समजावा.

दोन बिंदूंत सुमारे २७ किलोमीटर अंतर असते. एका शिवारात पाऊस पडतो व शेजारचे शिवार कोरडे राहते, हे शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. तेव्हा या फाइलीवरून पावसाची रीत जाणावी, परंतु यंदाची पेरणी आपल्या मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद व मातीतील ओल प्रत्यक्ष पाहूनच करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद शेतकऱ्यांस समजावून द्यावा.