डब्यातली चिठ्ठी आणि डॉक्टरांचे पंच

कर्जत किंवा खालापूरच्या तहसील कार्यालयात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असली की दारापर्यंत माणसं दाटतात. एकसारख्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या डब्यात पडतात, डबा खुळखुळतो, एखादी शाळकरी मुलगी पुढे होऊन आत हात घालते. चिठ्ठी उलगडेपर्यंत कुणी हूं की चूं करत नाही.

१४ ऑक्टोबर २०१९ रोजी अशीच सोडत दिल्लीत निघाली. काढणारे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, आणि ती होती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अर्धवेळ सदस्यांसाठी! हे मला कळलं तेव्हा मी थक्कच झालो, कारण डॉक्टरांच्या गैरवर्तनाचं शेवटचं अपील याच आयोगापुढे चालतं.

समजा, कशेळ्याच्या एखाद्या डॉक्टरविरुद्ध तक्रार झाली. ती आधी मुंबईत महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी काही काळ रोखू शकते, नोंदवहीतून नावही काढू शकते. निकाल पटला नाही तर डॉक्टरला साठ दिवसांत दिल्लीच्या नीती व नोंदणी मंडळाकडे अपील करता येतं आणि तिथेही पटलं नाही तर पुन्हा साठ दिवसांत आयोगाकडे.

आता गंमत पाहा. परिषदेचे नऊ सदस्य नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतांनी निवडून येतात. बाकीचे सरकार नेमतं किंवा पदामुळे येतात. निवडून आलेल्यांपैकी एकाचं नाव परिषद दिल्लीच्या वैद्यकीय सल्लागार परिषदेसाठी पाठवते. सगळ्या राज्यांतून अशी नावं जमतात आणि त्यांतून नऊजण दोन वर्षांसाठी आयोगावर जातात. कोणते नऊ, हे चिठ्ठी ठरवते. म्हणजे खोपोलीच्या डॉक्टरने टाकलेलं मत आधी मुंबईला पोचतं, तिथून दिल्लीच्या डब्यात. मत असतं, पण शेवटच्या पायरीवर वशिल्याला जागा उरत नाही. मला ही रचना फार आवडते.

आयोगाचा अध्यक्ष मात्र चिठ्ठीने ठरत नाही. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालची शोधसमिती नावं सुचवते, मुदत चार वर्षांची, फेरनेमणूक नाही. पदावर येताना आणि उतरताना मालमत्ता जाहीर करावी लागते.

आणि काढायचं कसं? अर्धवेळ सदस्य सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन बैठकांना आला नाही तर जागा आपोआप रिकामी होते. दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, निर्णयावर परिणाम करतील असे पैशाचे हितसंबंध, पदाचा गैरवापर, या कारणांवरून केंद्र सरकार सदस्याला दूर करू शकतं. पण गैरवापराचा ठपका ठेवून काढायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तक्रार झालेला कशेळ्याचा तो डॉक्टरही परिषदेपुढे हेच मागतो: आधी माझं ऐका.