छप्पर उडतं कसं?
ऑगस्ट 1992 मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडातली हजारो घरं जमीनदोस्त केली. आज तिथेच, मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात, 12 अजस्र पंखे ताशी सुमारे 250 किलोमीटरचा वारा सोडतात. समोर छपरं, खिडक्या, घरांच्या प्रतिकृती उभ्या करून काय आधी निखळतं ते तपासतात. या ‘वॉल ऑफ विंड’ला अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा निधी मिळतो. वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, वर खेचतो. कडा-कोपऱ्यांवर ही ओढ सर्वाधिक. म्हणून तिथे खिळे जवळजवळ ठोकायचे, छप्पर धातूच्या पट्ट्यांनी भिंतीला जखडायचं. स्वस्तातला, पण मोलाचा बचाव! वादळहानी कमी करण्याच्या संशोधनाचा राष्ट्रीय कायदा मात्र 2004 मध्ये झाला. अँड्र्यूनंतर 12 वर्षांनी. हा विलंब अक्षम्यच.