मत्स्यालयातील कार्बन डायऑक्साइड : रंग पाहा, मासेही पाहा

आपल्या दिवाणखान्यातील मत्स्यालयात माशांबरोबर जिवंत पाणवनस्पतीही असतील, तर शेजारी कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडरही बहुधा असेल. जपानच्या ताकाशी अमानो यांनी लोकप्रिय केलेली ही बागेसारखी मत्स्यालये आता आपल्याकडेही दिसतात. मुलांनी ती हौसेने मांडावीत आणि मुले परगावी गेल्यावर आजी-आजोबांनी सांभाळावीत, असे अनेक घरांत घडते. खाद्य किती घालायचे, हे त्यांना सांगितलेले असते. वायूवर लक्ष कसे ठेवायचे, हे मात्र क्वचितच.

हवेच्या संपर्कात राहिलेल्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी कार्बन डायऑक्साइड असतो. प्रखर दिव्याखाली झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पतींना तेवढा पुरत नाही. म्हणून सिलिंडरमधून वायू सोडून ते प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. वनस्पतींना मानवणारी मात्रा आणि माशांना न सोसणारी मात्रा यांत फारसे अंतर नाही. सारी दक्षता त्यासाठीच.

माशाच्या शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. पाण्यातच तो अधिक झाला, की ही वाट अडते, रक्तातील आम्लता वाढते आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलेला हा परिणाम अनेक माशांत माणसापेक्षा तीव्र असतो. म्हणूनच पाण्यात प्राणवायू भरपूर असतानाही मासे गुदमरू शकतात.

मोजणीचे सोपे साधन म्हणजे ड्रॉप चेकर. काचेच्या या लहानशा उपड्या कुपीत ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हे रंगद्रव्य मिसळलेले द्रावण असते. ते आणि टाकीचे पाणी यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे अधिक. कुपीत टाकीचे पाणी भरू नये; ४ अंश कार्बोनेट काठिण्याचे तयार द्रावणच वापरावे, नाहीतर रंगाला काही अर्थ उरत नाही. ते दर तीन-चार आठवड्यांनी बदलावे आणि कुपी डिफ्यूझरच्या बुडबुड्यांपासून दूर लावावी.

येथे ज्येष्ठांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मोतीबिंदू वाढू लागला, की डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळ्या-हिरव्या छटांमधील फरक पुसट होतो. काही पुरुषांना तर जन्मतःच हिरवा-पिवळा नीट ओळखता येत नाही. कुपीमागे पांढरे कार्ड धरून रंग पाहावा, आणि शंका असल्यास नातवंडाला विचारावे. त्यात कमीपणा नाही.

पीएच आणि कार्बोनेट काठिण्य यांच्या तक्त्यावरूनही अंदाज काढता येतो. काठिण्य ४ अंश आणि पीएच ७.० असल्यास वायू सुमारे १२ मिलिग्रॅम येतो, पीएच ६.६ असल्यास सुमारे ३०. पण टाकीत लाकडाचे ओंडके असतील, तर त्यांतून पाझरणाऱ्या आम्लांमुळेही पीएच उतरतो आणि तक्ता प्रत्यक्षाहून मोठा आकडा दाखवतो. मला ड्रॉप चेकर अधिक भरवशाचा वाटतो.

मात्र त्याचा एक दोष ध्यानात ठेवा. त्याचा रंग तास-दोन तास उशिरा बदलतो. दुपारी बारा वाजता दिसणारा हिरवा रंग सकाळी दहा-अकराच्या पाण्याविषयी सांगत असतो. आताची स्थिती माशांकडे पाहूनच कळते. कल्ल्यांची उघडझाप वेगाने होणे, मासे पृष्ठभागाशी गोळा होऊन तोंड वर करणे, नेहमीचे चपळ मासे सुस्तावणे ही लक्षणे दिसली, तर रंग हिरवा असला तरी थांबू नये. वायू बंद करावा, एअर पंप लावून किंवा फिल्टरचा झोत वर घेऊन पाणी खळबळवावे आणि क्लोरीनमुक्त पाण्याने एक-तृतीयांश पाणी बदलावे. खळबळीने विरघळलेला वायू हवेत निघून जातो.

घरी सीओपीडीच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. विशेषतः प्राणवायू सुरू असताना आकडा समाधानकारक असूनही रक्तात तो वायू साठू शकतो. सकाळची डोकेदुखी, वाढती ग्लानी, असंबद्ध बोलणे दिसल्यास प्राणवायूचा प्रवाह स्वतः कमी-जास्त न करता ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

रात्री वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेत नाहीत, उलट सोडतात. म्हणून दिवे लागण्याच्या तास-दोन तास आधी वायू सुरू आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद, अशी व्यवस्था टायमर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हने करून घ्यावी. वीज गेली तरी असा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. साखर आणि यीस्टच्या घरगुती बाटलीला अशी सोय नाही, आणि उकाड्यात तिचा वेग वाढतो. विस्मरण होऊ लागलेल्या व्यक्तीच्या हाती ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरला सिलिंडर. सेकंदाला एक-दोन बुडबुड्यांनी खोलीतील हवा बिघडत नाही. आपल्या उच्छ्वासातून त्याहून कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भीती मोठ्या गळतीची. दोन किलोच्या भरलेल्या सिलिंडरमधून सुमारे १,१०० लिटर वायू निघतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची बंद खोली सुमारे २८,००० लिटरची. म्हणजे सगळा वायू गळाल्यास प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ते धडधाकट माणसालाही घातक असते. त्यात हा वायू हवेहून जड आणि गंधहीन. म्हणून सिलिंडर ज्येष्ठांच्या शयनगृहात, विशेषतः वातानुकूलित बंद खोलीत, ठेवू नये. तो उभाच असावा, पडणार नाही असा बांधावा, उन्हापासून दूर ठेवावा. सिलिंडर बदलला, की जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. संधिवाताने बोटे आखडलेल्यांनी जोड घट्ट करण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो, ते बाण काढून आणि ठळक अक्षरांत लिहून सिलिंडरवर चिकटवावे, आणि घरातील प्रत्येकाकडून एकदा तो प्रत्यक्ष बंद करवून घ्यावा.