शारीरिक दिव्यांग व्यक्तींचा पोशाख आणि सामाजिक सहभाग

प्रस्तावना :
अन्न, वस्त्र आणि निवारा या मूलभूत गरजांपैकी वस्त्राचा विचार दिव्यांगांच्या संदर्भात क्वचितच केला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी ५४ लाखांहून अधिक व्यक्तींना चलनवलनविषयक दिव्यांगत्व होते. त्यांच्यासाठी उतरत्या मार्गाची व तीनचाकी सायकलची चर्चा होते. परंतु घराबाहेर पडण्याची पहिली पायरी कपडे घालणे ही असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात ‘सहभाग’ हा दिव्यांगत्वाचा एक निकष असून वस्त्र परिधान करणे ही त्यातील स्वतंत्र कृती आहे. पोशाखाची रचना हा सहभाग कसा घडविते अथवा रोखते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचनेतील अडथळे :
तयार कपडे उभ्या शरीराच्या मापाने बेतलेले असतात. चाकाच्या खुर्चीत बसल्यावर पँट पाठीमागे खाली सरकते व पुढे कापड गोळा होते. मागील खिसे आणि जाड शिवण यांमुळे संवेदना नसलेल्या भागावर जखमा होण्याचा धोका असतो. पदर व ओढणी चाकात अडकते. कुबड्यांमुळे सदरा काखेत विरतो, तर कॅलिपरवरून अरुंद पायजमा चढत नाही. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीस इजेखालील शरीरावर पुरेसा घाम येत नाही. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात जाड कृत्रिम धाग्याचा पोशाख तिला अपायकारक ठरू शकतो. सर्वांत गंभीर अडचण स्वच्छतागृहातील आहे. नाडीची गाठ एकट्याने सोडता येत नसेल, तर व्यक्ती दिवसभर पाणी पिणे किंवा बाहेर जाणेच टाळते.

दृश्य ओळख :
बाबा आमटे यांच्या वरोऱ्याजवळील आनंदवनामुळे कुष्ठरोगाचा प्रश्न विदर्भास परिचित आहे. बधिर तळव्यांच्या रक्षणासाठी कुष्ठरुग्णांना मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला दिल्या जात. परंतु त्या पाहताच रोग ओळखू येई, म्हणून अनेक रुग्ण त्या वापरत नसत. शरीरास उपयुक्त असलेली वस्तू समाजात वेगळी उठून दिसली, तर ती नाकारली जाते, हा यातील धडा आहे.

उपाययोजना :
त्यामुळे बदल शक्यतो बाहेरून न दिसणारे असावेत. वर बटण शिवून खाली वेल्क्रो लावणे, नाडीऐवजी इलॅस्टिक, पायाच्या आतील शिवणीत चेन, पाठीमागे उंच कंबर आणि आधीच शिवलेल्या निऱ्यांची साडी हे बदल गल्लीतील शिंपीही करू शकतो. मात्र माप बसलेल्या स्थितीत घेतले पाहिजे.

महाविद्यालयांची भूमिका :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास गणवेशाच्या शिवणीत सवलत देणे हेही या कायद्यातील वाजवी सोयीच्या तत्त्वास धरूनच होईल. रंग तोच ठेवून रचना बदलण्यास कोणाची हरकत नसावी. गृहविज्ञान विभागांनी वस्त्रशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत असा एक पोशाख समाविष्ट करावा.

निष्कर्ष :
पोशाख स्वतः घालता व काढता येणे हा स्वावलंबनाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. प्रवेशद्वारी उतरता मार्ग बांधूनही विद्यार्थी वर्गात येत नसेल, तर त्याचे कारण कदाचित त्याच्या गणवेशाच्या शिवणीतही सापडेल.