आधी माणसं बाजूला

औंढ्यात कॅमेरा ट्रॅप झाडावरून उतरवले की खरं काम सुरू होतं. लोणावळ्याला लागून असलेलं हे गाव. भातखाचरांच्या वर कारवी, करवंदाच्या जाळ्या आणि त्यांतून गेलेल्या पायवाटा. रात्री या वाटेने साळिंदर जातं, उदमांजर जातं. उजाडल्यावर सरपणाला निघालेल्या बायका जातात. कॅमेऱ्याला सगळे सारखेच. समोरून अंगात ऊब असलेलं काही सरकलं की तो लागोपाठ तीन फोटो काढतो. उन्हाने तापलेल्या खडकापुढे गवत डोललं तरीही काढतो.

त्यामुळे कार्ड उघडलं की आधी दिसतं ते गवत. 2018च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे 3 कोटी 48 लाख फोटो जमले. त्यांत वाघांचे होते 76,651 आणि बिबट्यांचे 51,777. औंढ्यातल्या आमच्या थोड्याशा कॅमेऱ्यांचं प्रमाणही फार वेगळं नाही. शेतमालकांना विचारून बांधावर लावलेले हे कॅमेरे. त्यांचे फोटो तपासायला मी एक वेब ॲप बनवलं. तपासणारे शिक्षक आहेत, कॉलेजची मुलं आहेत. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर काहीही बसवायला न लागता, नुसत्या ब्राउझरमध्ये काम व्हावं, एवढीच सुरुवातीची अपेक्षा होती.

रिकामे फोटो गाळायला मेगाडिटेक्टर हे मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेलं खुलं मॉडेल वापरतो. ते प्राण्याची जात सांगत नाही. प्राणी, माणूस, वाहन एवढंच ओळखतं आणि प्रत्येक उत्तरासोबत शून्य ते एक यांच्यामध्ये खात्रीचा आकडा देतं. हा आकडा कुठे तोडायचा, हे मात्र माणसाने ठरवायचं. आम्ही प्राण्यासाठी तो 0.2च्या आसपास ठेवला. गवताचा एक फोटो जास्त आला तर तपासणाऱ्याचा क्षणभर जातो. बिबट्याचा एक निसटला तर तो कायमचा गेला.

माणसाच्या बाबतीत आम्ही आणखी कडक आहोत, आणि माझ्या मते सगळ्या ॲपमध्ये महत्त्वाचा भाग हाच. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी केलेला अभ्यास 2024मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलात शौचाला बसलेल्या एका बाईचा कॅमेरा ट्रॅपमधला फोटो तिथे समाजमाध्यमांवर फिरवला गेला होता. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. कॅमेरे लागल्यापासून बायका जंगलात गाणी म्हणेनाशा झाल्या, हळू बोलू लागल्या. आणि आवाज नसला की जनावर अवचित समोर येण्याचा धोका वाढतो. हे वाचल्यावर मी ॲपची रचनाच उलटी केली. मॉडेल सर्व्हरवर चालत नाही, गावातल्या लॅपटॉपवर चालतं. माणूस असल्याचा नुसता संशय आला तरी तो फोटो तिथेच थांबतो. संशयाचे फोटो गावातलीच एक ताई पाहते आणि पुसून टाकते. माणसाचा फोटो औंढ्याबाहेर जात नाही.

उरलेले फोटो वर चढवणं हेही सोपं नाही. मावळातल्या पावसात वीज जाते, नेटवर्क जातं. म्हणून प्रत्येक फाइल तुकड्या-तुकड्यांनी चढते आणि तुटली तिथून पुढे सुरू होते. चढताना फोटोतलं जागेचं नेमकं ठिकाण काढून टाकलं जातं. तपासणाऱ्याला फक्त ‘मावळ’ दिसतं. शिकाऱ्याला वाट दाखवणारं काहीही आम्हाला सर्व्हरवर नको आहे.

मग कंटाळवाणी पण गरजेची कामं येतात. बॅटरी संपली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं आणि रात्रीचं साळिंदर कागदोपत्री भरदुपारी फिरायला लागतं. म्हणून कॅमेरा लावताना त्याच्यासमोर फोनवरची वेळ धरायची. ॲप तेवढा फरक त्या कार्डावरच्या सगळ्या फोटोंना लावतं. एका मिनिटाच्या आत आलेले फोटो एकच भेट धरतं, नाहीतर एका रानमांजराची दहा होतात. बिबट्या असेल तर डावी कूस की उजवी, हेही विचारतं. बिबट्या ओळखायचा अंगावरच्या ठिपक्यांवरून, आणि दोन्ही कुशींचे ठिपके निराळे असतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2015मध्ये 35 आणि 2018मध्ये 47 बिबटे ओळखले गेले, ते अशाच फोटोंवरून.

प्रत्येक भेट दोघांकडे जाते. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसत नाही. जुळलं नाही तर तिसऱ्या जाणकाराकडे. सेरेंगेटीतल्या 225 कॅमेऱ्यांचे फोटो 28,000हून अधिक सामान्य लोकांनी असेच तपासले होते. त्यांचं एकत्रित उत्तर तज्ज्ञांशी 96.6 टक्के वेळा जुळलं. घरबसल्या मदत करणाऱ्यांवर माझा विश्वास आहे तो यामुळेच.

लोणावळ्याच्या आसपास आता बंगल्याबंगल्यांच्या कुंपणाला असे कॅमेरे दिसतात. तुमच्या कॅमेऱ्यात बिबट्या आला तर आनंद जरूर वाटून घ्या, पण जागेचा पत्ता काढून. आणि वाटेने जाणाऱ्या बाईचा फोटो आला असेल, तर तो कुणालाही न दाखवता पुसून टाका.